एक टिकली म्हणजे दहा हजार विद्यार्थी, तर भारतावर टिकल्या किती?

नकाशावाले सर

नमस्कार मंडळी. कराडला अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. शनिवारी आमच्याकडे प्रदर्शन आहे आणि मी एक लचांड स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून घेतलंय.

अकरावीच्या पोरांनी जगाचा नकाशा रंगवलाय, सहा फूट बाय चार फूट. विषय त्यांचाच: कुठल्या देशाची किती मुलं कॉलेजसाठी परदेशात आहेत. वर्गात एकीची बहीण मेलबर्नला, एकाचा चुलतभाऊ जॉर्जियात. (अमेरिकेतलं जॉर्जिया नव्हे, तिबिलिसीवालं. हे समजावण्यात अख्खा तास गेला. जाऊ दे, भूगोलच तो.) दाखवायची युक्ती पोरींनी काढली: लाल टिकल्या. एक टिकली म्हणजे दहा हजार विद्यार्थी. दोन डझन पाकिटं एकदम मागितली तर बांगड्यांचा दुकानदार विचारतो, "सर, घरात लग्न काढलं काय?"

चीनवर शंभराच्या वर टिकल्या बसल्या. जर्मनीवर बारा. भारतावर गाडी अडली. युनेस्कोचं पान उघडलेल्या गटाकडे 2022 चा आकडा होता, 6 लाख 20 हजारांच्या आसपास, म्हणजे 62 टिकल्या. दुसऱ्या गटाकडे वर्तमानपत्राचं कात्रण: 2023 मध्ये 8 लाख 92 हजार. म्हणजे 89. तिसऱ्या गटानं परराष्ट्र मंत्रालयानं 2024 मध्ये दिलेला आकडा आणला, 13 लाख 35 हजार. 133 टिकल्या! दोन वर्षांत दुप्पट? पोरं हमरीतुमरीवर आली. "सर, खरा कुठला?" मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. त्याला आज तीन दिवस झाले.

दुसरं म्हणजे लक्झेंबर्ग. टक्केवारीच्या रकान्यात शंभराच्या वर आकडा! तीस वर्षं मुलांना सांगत आलोय की शंभरातले एकशे दहा नापास होत नसतात. छपाईची चूक धरू का?

आणि अमेरिकेची पोरं बाहेर किती, एक लाख की पावणेतीन लाख? दोन्ही सापडतात.

जाणकारांनी हात द्यावा.

शंकासुर

सर, 133 लावा. पालक खूश, संस्थाचालक खूश, टिकलीवालाही खूश. नाहीतर तिन्हींची सरासरी काढा, 95 येते. मी बघितलंय करून.

नकाशावाले सर

शंकासुरा, सरासरी काढणाऱ्याला माझ्या वर्गात बाकावर उभं करतात.

सीमेवरची

सर, नमस्कार. मी मूळची सांगलीची, जर्मनीत आखेनला अकरावं वर्ष. आधी शिकायला आले, आता प्रवेश अर्जांच्या खिडकीवर बसते. तुमच्या पोरांचं भांडण आमच्या ऑफिसात दर सेमिस्टरला होतं, फक्त टिकल्या नसतात. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. तीन माणसांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

89 वाला आकडा इमिग्रेशनचा. विमानतळावर शिक्का मारताना अधिकारी विचारतो कशाला चाललात, आपण म्हणतो शिकायला, किंवा तो व्हिसा बघतो. त्यावरून नोंद. म्हणजे त्या वर्षी शिक्षण म्हणून देशाबाहेर पडलेली माणसं. 2022 ला 7 लाख 50 हजार, 2023 ला 8 लाख 92 हजार, 2024 ला परत घसरून 7 लाख 59 हजार. हे तुमच्या एसटी कंडक्टरनं आज फाडलेल्या तिकिटांसारखं आहे. गाडीत आत्ता किती बसलेत, ते त्यावरून कळत नाही. विद्यार्थी असताना मी सुट्टीवरून परत निघाले की दर वेळी त्याच खिडकीत "स्टुडंट" म्हणून सांगितलंय, आणि मी एकटीच होते.

133 वाला आकडा गाडीत बसलेल्यांचा, पण अंदाजानं. तो वकिलाती आणि त्या त्या देशांकडून गोळा होतो आणि प्रत्येक देशाची मापं वेगळी. त्यात एकट्या कॅनडाचे 4 लाख 27 हजार धरलेत, आणि कॅनडा मोजतो स्टडी परमिट. परमिट असलेला पदवी करतोय की छोट्या कॉलेजात डिप्लोमा, हे त्यातून दिसत नाही.

62 वाला युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेचा. ही मंडळी सर्वांत कडक. शिक्षणासाठी सीमा ओलांडून आलेला, तिथल्या उच्च शिक्षणात नाव घातलेला, तोच मोजायचा. भाषेच्या क्लासला आलेला नाही, सहा महिन्यांच्या एक्स्चेंजला आलेला नाही. त्यांचे आकडे एक-दोन वर्षं शिळे असतात, कारण देशांनी कळवल्यावरच ते जोडणार. पण सगळ्या देशांना एकच फूटपट्टी लावतात. सर, तुमचा नकाशा तुलनेचा आहे ना? चीनला युनेस्कोची पट्टी आणि भारताला मंत्रालयाची, असं करू नका. म्हणजे 62.

फरक किती पडतो त्याचं एक उदाहरण. अमेरिकेतली संस्था दर वर्षी 'ओपन डोअर्स' अहवाल काढते. 2023-24 मध्ये तिथे भारतीय 3 लाख 31 हजार, चिनी 2 लाख 77 हजार. 2008-09 नंतर पहिल्यांदा आपण पुढे गेलो, आणि इकडच्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस फटाके. पण त्या 3 लाख 31 हजारांत 97 हजारांच्या वर पोरं ओपीटीवर होती, म्हणजे शिक्षण संपवून व्हिसाच्या त्याच छत्रीखाली नोकरी करणारी. वर्गात बसणारी नव्हेत. फटाके कशाचे लावायचे ते आधी ठरवावं.

तुमचा अमेरिकेचा घोळही असाच. 2022-23 मध्ये 2 लाख 80 हजार अमेरिकन विद्यार्थी 'स्टडी अब्रॉड'ला गेले. बहुतेक इटली, ब्रिटन, स्पेन, फ्रान्स. त्यातली निम्म्याहून जास्त आठ आठवड्यांच्या आत परत. उन्हाळ्यात फ्लोरेन्सला जायचं, चित्रकलेचा एक विषय करायचा, आइस्क्रीम खायचं, क्रेडिट घेऊन घरी. वाईट नाही हो, मलाही आवडलं असतं. पण पूर्ण पदवीसाठी बाहेर असलेले अमेरिकन लाखाच्या आसपासच. तुमच्या नकाशात हेच लावा.

आता माझी खिडकी. आमच्याकडच्या नोंदीत एक कळीचा रकाना असतो: बारावीची परीक्षा कुठल्या देशातून? मागच्या वर्षी एक मुलगी आली, पासपोर्ट तुर्कस्तानचा. मी सवयीनं विचारलं, कुठून आलात? तिनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "त्या बेकरीच्या मागच्या गल्लीतून." जन्म आखेनचा, शाळा आखेनची, आजोबा खाणीत कामाला आले होते. जर्मनीत अशांसाठी वेगळा शब्दच आहे, 'बिल्डुंग्सइनलेंडर', म्हणजे पासपोर्ट बाहेरचा पण शाळा इथली. परदेशी नागरिक म्हणून ती मोजली जाते, परदेशातून शिकायला आलेली म्हणून नाही. जे देश फक्त पासपोर्ट बघून मोजतात तिथे ती 'आलेली' ठरली असती. या हिशेबात पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला मडगावचा मुलगा पोर्तुगालची टिकली होईल. गोव्यातल्या मंडळींनी हसू नये.

आणि जर्मनीवरच्या तुमच्या बारा टिकल्या. लोकांना वाटतं जर्मनीत फी नाही, मग तिथली पोरं बाहेर कशाला जातील? आमच्या इथून 350 नंबरची बस निघते, व्हाल्स नावाच्या गावातून सीमा ओलांडते आणि हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टला जाते. तासाभराचा रस्ता. सीमेवर पासपोर्टला शिक्का नाही. बसमध्ये सकाळी जर्मन पोरं बसलेली, मानसशास्त्राचं पुस्तक मांडीवर. जर्मनीत मानसशास्त्राला आणि वैद्यकीयला बारावीचे गुण कडक लागतात. तिकडे हॉलंडला किंवा खाली ऑस्ट्रियाला जागा मिळते. ऑस्ट्रियात तर जर्मनांचा एवढा लोंढा आला की 2006 पासून त्यांनी वैद्यकीयच्या 75 टक्के जागा ऑस्ट्रियात शाळा केलेल्यांसाठी राखल्या. आपल्या 85 टक्के राज्य कोट्यासारखंच, शब्द जर्मन एवढंच.

उलटीही गंमत आहे. व्हाल्समध्ये भाडं कमी म्हणून आखेनची कितीतरी पोरं तिथे खोली घेतात. झोपायला हॉलंड, वर्गाला जर्मनी. रोज दोनदा सीमा ओलांडतात, पण शिक्षणासाठी देश सोडलाय असं त्यांच्या आईलाही वाटत नाही.

लक्झेंबर्गची छपाईची चूक नाही. ते गुणोत्तर असं काढतात: मायदेशातल्या कॉलेजांत जेवढी नावं आहेत, त्या दर शंभरामागे बाहेर किती. शंभरातले किती, असं नव्हे. भाजक घरचा, भाज्य बाहेरचा. म्हणून बाहेरची पोरं घरच्यांपेक्षा जास्त झाली की शंभर ओलांडतं. लक्झेंबर्गला स्वतःचं पूर्ण विद्यापीठ 2003 मध्ये झालं! तोवर डॉक्टर, इंजिनिअर, वकील व्हायचं तर जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम. पोरांना शाळेतच जर्मन आणि फ्रेंच दोन्ही येतात, आणि सरकारची आर्थिक मदत बाहेर शिकणाऱ्यालाही मिळते. आता विद्यापीठ आहे, तरी सवय तीच. वर तिथे पदवी करणाऱ्यालाही एक सेमिस्टर बाहेर काढावंच लागतं, नियमच आहे.

हेच गुणोत्तर भारताला लावा. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात आपल्या कॉलेजांत 4 कोटी 33 लाख नावं. 6 लाख 20 हजार बाहेर. शंभरामागे दीडसुद्धा नाही. सगळ्यांत फुगवलेला 13 लाखांचा आकडा घेतला तरी तीन. चीनचे साधारण दोन. आणि नेपाळ शंभरामागे पंधरा-वीस! आपल्याकडे 'सगळी पोरं परदेशी चालली' असं जे म्हणतात, त्यांच्या सोसायटीतली चालली असतील.

लातूरकर

सीमेवरच्या ताई, बसमधल्या जर्मन पोरांचं वाचून बरं वाटलं. म्हणजे गुणांपायी गाव सोडायची पाळी फक्त आमच्यावर येत नाही.

माझं लेकरू किर्गिझस्तानात बिश्केकला आहे, एमबीबीएस तिसरं वर्ष. लातूर पॅटर्न आमच्या गल्लीतून चालतो, तरी ही गत. 2024 च्या नीटला 24 लाखांवर पोरांनी फॉर्म भरले, देशात जागा एक लाख दहा हजारांच्या मागंपुढं, त्यातल्या निम्म्या सरकारी. सरकारीत नंबर लागला नाही. खाजगीत जी रक्कम सांगितली ती ऐकून मी चहा न घेताच उठलो. बिश्केकला हॉस्टेल धरून वर्षाला सव्वाचार लाख पडतात. दोन एकर होती, एक राहिली.

तुमच्या नकाशाला एक सांगणं आहे, सर. टिकली निघाली कुठून ते दाखवता, चिकटली कुठं ते पण दाखवा. लंडनला एमएससीला गेलेलं आणि किर्गिझस्तानात इंजेक्शन शिकणारं, दोघंही तुमच्या 62 टिकल्यांत सारखेच. माझं लेकरू परदेश बघायला गेलेलं नाही. ते जागा शोधायला गेलंय. आणि परत येऊन इथं डॉक्टरकी करायची तर परीक्षा आहेच, एफएमजीई. 2024 च्या जूनला शंभरात एकवीस पास झाले. आता 54 महिने शिक्षण, वर बारा महिने इंटर्नशिप तिथंच, असा 2021 चा नियम. घरात कॅलेंडरवर आम्ही वर्षं खोडत बसतो.

मेस मात्र चांगली आहे म्हणतंय. ज्वारीची भाकरी तेवढी नाही. इथून पीठ नेलं होतं, दीड महिना पुरलं.

शंकासुर

लातूरकर, माझी वरची थट्टा मागे घेतो. पोराला शुभेच्छा.

पुतलीसडक

सीमेवरची यांनी नेपाळचं नाव घेतलं म्हणून लिहितोय. मी सोलापूरचा, काठमांडूत चार वर्षं नोकरीला होतो. तिथे पुतलीसडक आणि बागबजार भागात एकावर एक कन्सल्टन्सीच्या पाट्या. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा. आपल्याकडे नीटच्या क्लासच्या पाट्या असतात ना, तशा. कधी कधी एकाच जिन्यावर पाच.

नेपाळमधून बाहेर शिकायला जायचं तर सरकारकडून ना हरकत पत्र घ्यावं लागतं, सगळे त्याला एनओसीच म्हणतात. 2022-23 या त्यांच्या आर्थिक वर्षात एक लाख दहा हजारांवर एनओसी दिल्या गेल्या. आता सीमेवरचीताईंचाच नियम लावा: ही फाडलेली तिकिटं, गाडीत बसलेले नव्हेत. एनओसी घेतली आणि व्हिसाच नाही आला, असे माझ्या ऑफिसातच दोन होते. एकानं दोनदा घेतलेली, आधी ऑस्ट्रेलियासाठी, मग जपानसाठी.

जपानचं वेगळंच. 2024 मध्ये तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत चीननंतर दुसरा नंबर नेपाळचा, 64 हजारांवर. त्या मोजणीत भाषाशाळांत शिकणारेही येतात. आमच्या ऑफिसचा शिपाई, त्याचा मुलगा ओसाकाजवळ भाषाशाळेत होता. सकाळी जपानी, रात्री डब्यात भात भरायच्या कारखान्यात काम, आठवड्याला 28 तासांची मर्यादा. जपानच्या खात्यात तो विद्यार्थी. युनेस्कोच्या खात्यात नाही. त्याच्या बापाच्या खात्यात तो दर महिन्याला पैसे पाठवणारा.

त्यामुळे सर, टक्केवारी लावाच, पण नेपाळच्या टिकल्या बघून 'शिक्षणाची केवढी आवड' अशी पाटी लिहू नका. आवड आहेच. पण बरीचशी घर सोडायची वाट आहे आणि त्या वाटेवर कॉलेज लागतं.

सीमेवरची

पुतलीसडक, हे आमच्या खिडकीतूनही दिसतं. जर्मनीत 2023-24 च्या हिवाळी सेमिस्टरला भारतीय 49 हजारांवर गेले, चिन्यांपेक्षा जास्त. लोक म्हणतात जर्मन शिक्षणाचं आकर्षण. असेल. पण कॅनडानं जानेवारी 2024 मध्ये परमिटवर मर्यादा घातली, ब्रिटननं त्याच महिन्यात बहुतेकांना नवरा-बायको-मुलं सोबत आणायची बंदी केली, ऑस्ट्रेलियानं जुलैत व्हिसाची फी 710 ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 1600 केली. त्यानंतर आमच्याकडे फोन वाढले. फोनवर पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. "मॅडम, ते ब्लॉक्ड अकाउंट किती?" सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो, आधी खात्यात दाखवायचे, मग महिन्याला 992 असे सुटतात. रुपयांत सांगितलं की पलीकडे शांतता. मग मागून आईचा आवाज येतो, "विचार, हप्त्यानं चालेल का?"

लातूरकर, तुमच्या मुलाला ज्वारीचं पीठ व्हॅक्यूम पिशवीत भरून द्या, कीड लागत नाही. मी तसंच आणते.

नकाशावाले सर

सगळ्यांचे आभार. काल वर्गात हे धागे मोठ्यानं वाचले. बेकरीच्या गल्लीवर पोरं खूप हसली. लातूरकरांचं वाचताना कुणी हसलं नाही.

ठरलं ते असं. सगळ्या देशांना युनेस्को 2022, भारत 62. खाली एक पाटी: 'हे वर्गात बसलेले आहेत, निघालेले नाहीत.' 89 आणि 133 वाले गट नाराज होते, त्यांना त्यांचे आकडे कुठून आले ते एका फळ्यावर लिहायला दिलंय. 133 वाल्यांचा गटप्रमुख म्हणतो, सर आमचा आकडा हरला नाही, त्याला वेगळा वर्ग मिळाला. पोरगं वकील होणार.

टक्केवारीचा दुसरा नकाशा करायला वेळ नाही. पण टिकल्या चिकटवताना एक झालं. आम्ही मोठ्या टिकल्या आणल्या होत्या. चीनवर शंभर लावूनही गोबीचं वाळवंट अख्खं मोकळं राहिलं. भारतावर 62 दाटीनं का होईना, मावल्या. (133 लावून बघितल्या होत्या, रत्नागिरीच्या पुढे अरबी समुद्रात पोचल्या.) नेपाळच्या दहा मात्र काही केल्या बसेनात. चार बसल्या, उरलेल्या अर्ध्या तिबेटात, अर्ध्या बिहारात. एक पोरगी म्हणाली, सर छोट्या टिकल्या आणू का? मी म्हटलं राहू दे, सांडू देत तशाच.

लक्झेंबर्गला हिशेबानं एकच टिकली येते. ती लावली आणि देश दिसेनासा झाला. आता बाजूला बाण काढून नाव लिहितोय. लातूरकर, बिश्केकलाही एक बाण काढलाय, लातूरपासून. दोरा लाल आहे, निळा संपला होता.